उंबऱ्यावरचं लोकरीचं कासव

मी कासव बोलतोय. लोकरीचं. घाई असेल तर खुशाल पुढं व्हा. माझं बोलणं माझ्या चालीचंच आहे, आणि आता ती चालही राहिली नाही. पाठीवर कोराडीची राख, पोटात जुन्या लुगड्याच्या चिंध्या, एका डोळ्याचं बटण केव्हाच निखळून पडलेलं. थकलो रे बाप्पा! कुणी विचारलंच तर एका जागी बसून एवढं थकायला काय झालं म्हणून, तर बसून बघा एकदा.

खरं तर मी गप्पच राहणार होतो. पण आज सकाळी या घरात जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

माझा जन्म कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतला. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं ओटा, ओट्यावर दोरी. त्या दोरीवर पांढरं धोतर वाळत घातलं की संध्याकाळी करडं होऊन निघायचं, इतकी चिमणीची राख उडायची. या घरात सुभद्रा राहते. तिनं मला केलं. तिचे यजमान मधुकरराव केंद्रात पाळीवर जातात. आणि घराच्या मालकीण म्हणाल तर मधुकररावांच्या आई, जिजाबाई.

दुपारी भांडी आटोपली की सुभद्रा क्रोशाची सुई घेऊन ओट्यावर बसायची. रेडिओवरचा रुमाल, दाराचं तोरण, पाण्याच्या माठाचं झाकण, काय काय केलं तिनं! कॉलनीतल्या बाया कौतुक करायच्या. जिजाबाई मात्र आतून म्हणायच्या, "दोऱ्याले गाठी मारून का पोट भरते वं? अन् इकडं डाळीतले खडे कोन निवडीन?" सुभद्रा उठायची, डाळ निवडायची. उलटून बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. बोलायला हवं होतं, असं माझं मत आहे. पण लोकरीच्या कासवाचं मत कोण घेतं!

सुभद्रा रामटेकची. लहानपणी पाणी म्हणजे अंबाळा तलाव, त्याच्या पलीकडं पाणी असतं हेच तिला खरं वाटायचं नाही. लग्न झालं त्या वर्षी मधुकरराव बोलून गेले, "तुले एकडाव समुद्र दाखवीन." माणसं असं बोलून मोकळी होतात हो. ऐकणारं मात्र ते घेऊन बसतं. मग कधी पाळी बदलली, कधी रजा मिळाली नाही, कधी जिजाबाईंचे डोळे दुखायला लागले. समुद्र पुढं पुढं सरकत राहिला. सुभद्रानं बोलणं सोडलं. पण कुणाकडं कॅलेंडरवर लाटांचं चित्र दिसलं की ती भाजीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहायची.

ब्याऐंशी साली नागपूरच्या एका महिला मंडळाच्या यमुताई कॉलनीत यायला लागल्या. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, शिकलेल्या, बोलायला गोड. दर शनिवारी बसनं यायच्या आणि बायांना विणकाम शिकवायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "यंदा तोरणं नकोत, रुमाल नकोत. आपण सगळ्या मिळून लोकरीचा समुद्र करू या! मासे, शिंपले, खेकडे, सगळं. अजबबंगल्यात, नागपूरच्या म्युझियममध्ये, दालन मिळतंय आपल्याला, प्रदर्शन मांडू."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जयवंता, म्हणजे शेजारची, तिनं तोंड उघडलं. "पन बाई, समुद्र पायला कोनं हाय इथं?"

कुणीच पाहिला नव्हता. यमुताईंनी एकदा पाहिला होता म्हणे, तोही गाडीच्या खिडकीतून.

झालं. जिनं जे पाहिलं तिनं ते विणलं. जयवंताचा खेकडा नाल्यातला. कुणाचा मासा बाजारातल्या टोपलीतला, डोळा उघडा ठेवून पडलेला. सुभद्रानं मला घेतलं. सहा कोनांचे हिरवे तुकडे सुटे सुटे विणले आणि जोडून त्यांची पाठ केली. मधला तुकडा मात्र पांढरा. लोक विचारतात यात काय अर्थ आहे म्हणून. अर्थ कसला! हिरवी लोकर संपली होती. पोटात भरायला कापूस नव्हता, तर जिजाबाईंचं फाटकं लुगडं फाडून कोंबलं. विचारलं नाही, तेवढी एकच बंडखोरी तिच्या नावावर आहे.

यमुताईंनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "सुभद्रा, अगं समुद्रातल्या कासवाला असे पाय नसतात. वल्ह्यासारखे पसरट असतात. हे पुस्तकात बघ."

"मी तलावातलं पायलं बाई. त्याले पायच होते."

"पण आपला हा समुद्र आहे ना!"

"मंग तलावातला पाहुना आला समजा समुद्राले," सुभद्रा म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन हसली. यमुताईही हसल्या. त्या हसण्यात माझे पाय राहून गेले. ते पाय राहिले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून सांगतोय.

उन्हाळा लागायच्या बेतात प्रदर्शन मांडलं. दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळ्या लोकरीच्या लाटा, त्यांत मासे, खेकडे, लांबलचक हातांचा एक अष्टपाद. अगदी समोर, भिंतीशी, उंच चौरंगावर चारुशीला नावाच्या मुलीनं विणलेला पांढरा शंख आणि त्याच्या डोक्यावर पिवळा दिवा. खाली स्वच्छ सतरंजी अंथरलेली, म्हणून दारातच पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आणि मी समुद्रात मावलो नाही, म्हणून मला दाराशी, उंबऱ्याच्या आत, बुटक्या पाटावर बसवलं. तोंड शंखाकडं.

आता तुम्हीच सांगा. चपला बाहेर. उंबऱ्याशी पायांचं कासव. समोर उंचावर शंख, त्यावर दिवा. आपल्याकडचा माणूस काय समजेल?

पहिल्याच दिवशी खेड्यावरून आलेली एक म्हातारी आत शिरली, वाकली, माझ्या पाठीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि पुढं गेली. मागच्या सुनेनं तेच केलं. सुनेमागच्या पोरानं तेच केलं. त्यांचं बघून मागून आलेल्या पँटवाल्या साहेबांनीही केलं, फक्त इकडंतिकडं बघून, घाईघाईनं. मंडळाचा शिपाई लहानू स्टुलावरून ओरडून दमला, "ओ माय, हात नोका लावू गा कोनी, प्रदर्शनी हाय हे!" दोन-चार दिवसांनी बघतो तर सकाळी दार उघडल्यावर तोच आधी मला हात लावतोय. सवय लागली, दुसरं काय.

बाकी लोकांची तऱ्हा काय वर्णावी! नवरे पाटी मोठ्यानं वाचायचे आणि बायका ती ऐकायच्या नाहीत. एखादी मासा उलटा करून मागची बाजू बघायची. मागची बाजू बघणारी बाई म्हणजे विणणारी, हे मी लगेच ओळखायचो. कॉलेजातला एक मुलगा मैत्रिणीला समुद्राविषयी तासभर सांगत होता. त्यानंही पाहिला नव्हता, हे त्याच्या सांगण्यावरूनच कळत होतं. आणि येणारा प्रत्येक हात आधी माझ्या पाठीवर. घामाचे हात, शेंगदाण्याचे हात, मेंदीचे हात. तिथंच माझ्या थकण्याला सुरुवात झाली. देवळातल्या दगडी कासवांना मी तेव्हापासून मानतो.

अशात यमुताई एक दिवस धावत आल्या. मुंबईच्या एका संस्थेला आमचा समुद्र आवडला होता. निवडक वस्तू तिकडं मांडायच्या आणि ज्यांनी केल्या त्या बायांनाही न्यायचं, राहायची सोय त्यांचीच. "सुभद्रा, तू आणि तुझं कासव, दोघंही!" यमुताई म्हणाल्या. "फक्त वस्तू स्वच्छ पाहिजेत. एकही डाग चालणार नाही."

सुभद्रा माझ्या पाटाजवळ खाली बसली आणि माझ्या पायांवरची धूळ फुंकून काढायला लागली. मग हळूच म्हणाली, "मुंबईले समुद्र हाय ना बाई? खराखुरा?"

आता प्रश्न जिजाबाईंचा होता. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरातून कुणी बसथांब्यापर्यंतही जात नसे. यमुताईंनीच तोड काढली. शेवटच्या दिवशी सासूबाईंना प्रदर्शन बघायला आण, बघून खूश झाल्या की विचार. सुभद्रानं त्यात स्वतःचं थोडं शहाणपण घातलं. कासव आपलं आहे हे आधी सांगायचंच नाही. सासूच्या तोंडून बरा शब्द निघाला की मग सांगायचं.

बिचारी! एका बऱ्या शब्दासाठी केवढी मांडामांड.

शेवटच्या दिवशी दोघी आल्या. जिजाबाईंना मोतीबिंदूनं अंधुक दिसायचं. परत जाताना देवळात जायचं म्हणून कनवटीला कुंकवाची पुडी. बसमधल्या गर्दीत ती घामानं भिजून चिखल झालेली. दारात चपला काढल्या. सुभद्रा मागं सरकून उभी राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

जिजाबाईंनी डोळे बारीक केले. समोर दिवा, दिव्याखाली शंख. खाली बघितलं तर मी. "हे तं देऊळच हाय वं," त्या म्हणाल्या. कनवटीची पुडी सोडली, बोट बुडवलं आणि माझ्या पाठीवर, नेमक्या मधल्या पांढऱ्या तुकड्यावर, ओलं कुंकू टेकवलं. मग गुडघे धरत धरत खाली बसल्या आणि माझ्यासमोर डोकं टेकवलं. पूर्ण. कपाळ जमिनीला लागेपर्यंत.

सुभद्रा ओरडायला हवी होती. ती पुतळ्यासारखी उभी.

ओरडल्या त्या यमुताई. "अहो आजी, हे काय केलंत! सुभद्राचं कासव आहे ते, मुंबईला जायचं होतं!" आणि घाबरून ओला रुमाल घेऊन पुसायला लागल्या. कुंकू पुसलं जातंय होय! होतं बोटाएवढं, झालं तळहाताएवढं.

जिजाबाई तशाच बसून राहिल्या. "कोनाचं म्हनलं?"

"माह्यं, आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. "मी केलं हे."

"तू केलं?"

"हो."

मग सुभद्रानं विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं सासूला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. "माहीत असतं तं केला असता का नमस्कार?"

जिजाबाई खोटं बोलणारी बाई नव्हे. "नसता केला," त्या म्हणाल्या. मग लहानूचा हात धरून उठल्या. "पन केला आता. केलेला नमस्कार मांगं घेता येत नाई."

परतीच्या बसमध्ये मी सुभद्राच्या मांडीवर होतो. यमुताईंनी मला तिच्याकडं देऊन निक्षून सांगितलं होतं, मधला तुकडा तेवढा काढून नवा विणून घाल, रविवारी निघायचंय. अवघड काहीच नव्हतं. पांढरी लोकर घरात होती, एका दुपारचं काम. आणि कोराडी आल्यावर जिजाबाईही उतरता उतरता म्हणाल्या, "जाय तू मुंबईले. डाग म्या पाडला, तं चार दिवस पोळ्या मी टाकीन. तो तुकडा काढून टाक."

ऐकलंत? खुद्द सासूनं परवानगी दिली होती! माझा जीव भांड्यात पडला. मी मनानं मुंबईला पोचलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा कात्री घेऊन ओट्यावर बसली. शिवणीचा धागा टोकानं उचलला. आता कापेल, मग कापेल. मी वाट बघतोय. तिनं त्या लाल डागावर बोट फिरवलं आणि कात्री खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. मग मला छातीशी धरून रडली.

रविवारी यमुताई न्यायला आल्या तेव्हा मी होतो तसाच होतो.

"अगं, एक तुकडा उसवायचा होता फक्त!"

"नाई उसवता आला बाई."

"समुद्र बघायचाय ना तुला?"

"समुद्र कुठं जात नाई," सुभद्रा म्हणाली. "हे मात्र पुन्हा होनार नाई."

मला राग आला. अजून येतो. चुकून केलेला नमस्कार तो! देव समजून केलेला! ना माझ्यासाठी होता, ना तिच्यासाठी. त्याच्यापायी बाईनं दारात आलेला समुद्र परत पाठवला. मी म्हणत होतो, उसव मला, पार पोटातल्या चिंध्यांपर्यंत उसव, मला काही दुखत नाही. पण आमचं बोलणं तुमच्या कानाला लागत नाही, हाच तर वैताग आहे.

जिजाबाई आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दुपारी डाळ त्यांनी स्वतः घेतली आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी निवडत बसल्या. रात्री वरणात खडे आले. सगळे मुकाट्यानं जेवले.

तेव्हापासून मी याच घरात, दाराशेजारच्या फळीवर. वर्षं गेली. राख बसली, झटकली, पुन्हा बसली. कसरीनं पायाला भोक पाडलं आणि आतलं लुगडं बाहेर डोकावलं. जिजाबाईंनी ते चाचपून ओळखलं. "हे तं माह्यं लुगडं हाय वं, चोट्टे!" म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांना पूर्वी हसताना मी पाहिलं नव्हतं. पुढं त्यांचे डोळे पारच गेले. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. खाट ओट्याजवळ आली. मग सुभद्राचं जाणं आणखीनच अवघड झालं. मधुकररावांची प्रवासाची सवलत दरवेळी यायची आणि दरवेळी वाया जायची, कारण आईला एकटं कुणाच्या भरवशावर सोडायचं?

यंदा जिजाबाईंनीच हुकूम सोडला. "मधुकर, हिले पुरीले घेऊन जाय. जगन्नाथाचं दर्शन होईन अन् समुद्रबी तिथंच हाय. मी काई दोन दिसात मरत नाई. जयवंता देते मले भाकर." मधुकरराव काहीतरी पुटपुटायला लागले, तर म्हणाल्या, "बोलला होता ना तू? मंग ने."

आणि मग आजची सकाळ. ट्रंक ओट्यावर, मधुकरराव घड्याळ बघतायत, बस यायची वेळ झालेली. सुभद्रा सगळ्यांत शेवटी माझ्याकडं आली, मला उचललं आणि पिशवीत कोंबायला लागली. "तुह्यंबी रायलं होतं ना," माझ्या कानाशी म्हणाली.

"का घेऊन राहिली वं?" खाटेवरून आवाज.

"कासव, आत्याबाई."

"त्याले काहून? कासवाचं काम दारात बसाचं असते. इकडं दे."

सुभद्रानं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. जिजाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कोपरे मोजत मोजत बोट मधल्या तुकड्यावर आलं आणि थांबलं.

"कुंकू हाय ना वं अजून?"

आता खरं सांगतो. कुंकवाचा कणही राहिलेला नाही. राख आणि ऊन यांनी ते केव्हाच खाल्लं. ज्याच्यापायी मुंबई गेली, ते न उसवताच निघून गेलं. सुभद्रा रोज बघत होती, तिला माहीत होतं. तिनं सासूकडं बघितलं. "नाई, आत्याबाई. गेलं ते."

जिजाबाईंनी बोट तिथंच ठेवलं. "मंग आन कुंकू."

"बस येईन आता..."

"आन म्हनलं ना."

सुभद्रानं करंडा आणला. जिजाबाईंनी पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं, मग करंड्यात बुडवलं, आणि चाचपत चाचपत माझ्या पाठीवर टेकवलं. जरा वाकडंच लागलं, अर्धं हिरव्यावर गेलं. मग त्यांनी मला खाटेवर समोर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि वाकल्या. वाकताना पाठ दुखली, "आई गं" म्हणाल्या, तरी कपाळ खाटेला लागेपर्यंत वाकल्या.

"आता मले माहीत हाय," त्या म्हणाल्या, "कोनी केलं ते."

बाहेर बसचा भोंगा वाजला. मधुकरराव हाका मारत होते. जिजाबाईच ओरडल्या, "जाय ना वं आता, का समुद्र इथं येईन तुह्यासाठी?" तेव्हा कुठं ती डोळे पुसत ओट्यावरून उतरली. पिशवी विसरली होती, परत आली, पिशवी घेतली, माझ्या पाठीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि धावत गेली.

आता दुपार झाली आहे. जयवंता भाकर ठेवून गेली. जिजाबाई झोपल्या आहेत, एक हात माझ्यावर टाकून. हात जड आहे हो. पोटातल्या चिंध्या एका बाजूला सरकल्यात आणि पायाचं भोक वाढतंय. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही.

तरी तुमच्याकडं एक मागणं आहे. कुठं प्रदर्शनात, कुणाच्या घरी, असं कुणा बाईनं विणलेलं काही दिसलं, तर 'हे केलं कुणी?' एवढं तेव्हाच विचारा. हात लावायचा तर लावा, पण शेंगदाण्याचे हात पुसून.

गाडी आता भंडाऱ्याच्या पुढं गेली असेल. सुभद्रा खिडकीशी बसली असेल. मी समुद्र पाहिला नाही आणि आता पाहायचाही नाही. मी इथं दारातच बरा आहे. तिला आत जाऊ द्या.